मानेचे दुखणे आणि घरचा शेक

व्यापारी आणि मानेचे दुखणे यांचे नाते जुने आहे. सिल्वासा येथील आमच्या धान्याच्या पेढीवर मी कित्येक वर्षे बैठ्या मेजावर वाकून खतावणी लिहिली. आज तिची जागा संगणकाने आणि मोबाईलने घेतली आहे. परंतु मान खाली ती खालीच! सायंकाळी मान व खांदे ताठून जातात, हा अनुभव बहुतेक सभासद बंधूंस असेलच.

यावर शेकाचा उपाय आपल्याकडे प्राचीन आहे. ‘चरकसंहिते’च्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनास वाहिलेला असून त्यात अग्नीच्या साहाय्याने शेकण्याचे 13 प्रकार सांगितले आहेत. पिंड करून शेकण्याच्या द्रव्यांत तीळ, उडीद व कुळीथ येतात. आपल्याच गोदामातील धान्य औषधाच्या कामी येते, याचे मला मोठे कौतुक वाटले. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात व आखडलेले स्नायू सैल होतात, असे आधुनिक वैद्यकही सांगते.

कृती सोपी आहे. जाड सुती कापडात कोरडे मीठ बांधून पुरचुंडी तव्यावर मंद आचेवर गरम करावी, मनगटावर लावून पाहावी आणि सोसवेल तेवढाच शेक 15 ते 20 मिनिटे घ्यावा. रबरी पिशवी असल्यास तीत उकळते पाणी भरू नये. ती टॉवेलात गुंडाळावी व मानेखाली घेऊन झोपी जाऊ नये. ताज्या इजेवर किंवा सुजेवर शेक वर्ज्य होय. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना मंदावली आहे, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून शेकू नये.

आता माझी चूक सांगतो. अंगठ्यास व तर्जनीस मुंग्या येत, लिहिताना पेन सुटे. तरीही आठ महिने मी केवळ शेकतच राहिलो. अखेर मानेतील नस दाबली गेल्याचे निष्पन्न झाले. औषधांनी व व्यायामाने वेदना शमल्या, पण तर्जनीची बधिरता आजही कायम आहे. धान्य चिमटीत घेऊन पारखणाऱ्यास ही उणीव लहान नव्हे.

म्हणून हातात बधिरता वा अशक्तपणा आल्यास, किंवा मान आखडून ताप आल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. छातीत दडपण येऊन दुखणे मानेत वा हातात उतरले, तर क्षणभरही थांबू नये. एरवी शेक अवश्य घ्यावा. परंतु तो केवळ व्याजाचा भरणा होय. मुद्दल आहे ते आपल्या बसण्यात. मेज उंच करावे, अर्ध्या तासाने उठावे, मान हलकेच फिरवावी. मुद्दल फिटल्याखेरीज खाते बंद होत नाही, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगणे नलगे.