'अन्यत्र' होतो, साहेब!

दिल्लीच्या साकेत किंवा पटियाला हाउस कोर्टात तासभर बसा. हिंदी-इंग्रजी युक्तिवादात मध्येच एक लॅटिन शब्द डोकावतो : 'प्ली ऑफ ॲलिबी'. गुन्हा घडला तेव्हा आरोपी दुसरीकडेच होता, हा तो बचाव. वकिलांच्या तोंडी 'ॲलिबी' आता नाम झालं असलं, तरी मूळचं ते क्रियाविशेषण.

मराठी माणसाला हे घराणं परकं वाटू नये. लॅटिनमध्ये 'इबी' म्हणजे तिथे, 'इबिदेम' म्हणजे तिथेच आणि 'अलिबी' म्हणजे दुसरीकडे. आपल्याकडे तत्र, तत्रैव, अन्यत्र. प्रबंधाच्या तळटीपांत 'इबिदेम'ऐवजी आपण 'तत्रैव' लिहितोच. 'अन्यत्र' बिचारं कोर्टाच्या पायऱ्या का चढलं नाही, कोण जाणे.

गंमत म्हणजे १८७२च्या पुरावा कायद्यात 'ॲलिबी' हा शब्दच नव्हता. कलम ११खाली नुसतं उदाहरण होतं : गुन्हा कलकत्त्यात घडला, 'अ' त्या दिवशी लाहोरला होता, तर ही बाब विचारात घ्यावी. फाळणी झाली, लाहोर परदेशात गेलं, पण आपल्या कायद्यात ते पुढे ७७ वर्षं नांदलं! १ जुलै २०२४ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हा कलम ९मध्ये त्या जोडीच्या जागी चेन्नई आणि लडाख आले.

एवढी लांबलांबची गावं घेतली त्याला कारण आहे. नुसतं 'मी तिथे नव्हतो' म्हणून भागत नाही. तिथे असणं अशक्यच होतं, हे दाखवावं लागतं, आणि तेही आरोपीनंच. सहाला नोएडात चहा घेतलेला माणूस आठला गुरुग्रामात सहज पोचतो. (रिंग रोडनं कृपा केली तर.)

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणात दोघा आरोपींनी हाच बचाव घेतला : त्या संध्याकाळी आम्ही एका उद्यानात गाण्याच्या कार्यक्रमाला होतो. कोर्टांनी तो मानला नाही. सर्वोच्च न्यायालयानंही ५ मे २०१७ रोजी फेटाळला. पण फाशी कायम झाली ती इतर भक्कम पुराव्यांवर. कारण 'अन्यत्र' खोटं ठरलं म्हणून 'तत्र' आपोआप खरं ठरत नाही; ते सरकार पक्षालाच सिद्ध करावं लागतं.