कार्य, ऊर्जा आणि शक्ती : संज्ञा आणि श्रम

घरात ‘कार्य’ निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लग्नमुंजीची गडबड उभी राहते. दर्शनांच्या अभ्यासकाला ‘कारण’ या पदाचा जोडीदार आठवतो. यामिकीत मात्र बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. ‘शक्ती’ची स्थिती याहून बिकट आहे. शब्दाची अभिधा ही शक्ती, देवी ही शक्ती आणि आजारातून उठलेल्याच्या अंगात नसते तीही शक्तीच! शास्त्रात शक्ती म्हणजे कार्य होण्याचा दर. व्यवहारातील त्या तिसऱ्या शक्तीला तेथे ‘ऊर्जा’ म्हणावे लागते. पाश्चात्य भाषांतही ही वाटणी फार जुनी नव्हे. टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये ‘एनर्जी’ हा शब्द शास्त्रीय अर्थाने योजला आणि कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये श्रमवाचक फ्रेंच शब्द ‘त्राव्हाय’ यामिकीत रूढ केला. श्रमाचे नाव धारण करणारी ही राशी श्रम मोजतेच असे नाही, ही गोष्ट मात्र त्या नावामुळे झाकली जाते.

एखादा माथाडी कामगार ५० किलोग्रॅमचे पोते जमिनीवरून १.२ मीटर उंचीच्या ट्रकच्या फळीवर ठेवतो, असे समजू. पोत्यावर झालेले कार्य सुमारे ५८८ जूल. हेच दोन सेकंदांत झाले तर सरासरी शक्ती २९४ वॅट, चार सेकंदांत झाले तर १४७ वॅट. कार्य तेवढेच राहते. आता तेच पोते पाठीवर घेऊन तो रांगेत खोळंबला, तर विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. पण घाम येतो तो खोटा नव्हे. ताणलेल्या स्नायूतील सूक्ष्म तंतू एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. प्रत्येक वेळी रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि ती सारी उष्णता बनून जाते. जिना चढणे किंवा सायकल चालवणे यांसारख्या अनुकूल हालचालींतही खर्चलेल्या ऊर्जेपैकी फार तर चतुर्थांशाच्या आसपास भाग कार्यरूपाने हाती लागतो. तेव्हा जूलांच्या हिशेबावरून मजुराच्या थकव्याचा अंदाज बांधणे हे शास्त्रीय भाषेतले अशास्त्रीय विधान ठरते.

उलट प्रकारही आहे. जिना उतरताना स्नायू ताणाखाली लांबत जातो; बल एका दिशेला, विस्थापन दुसऱ्या. याला ऋणकार्य म्हणतात. ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी १९५२ मध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायटे पुढे रेटायचे, दुसऱ्याने त्यांना विरोध करायचा. दोघांचे बल समान, वेग समान. तरी रेटणाऱ्याला प्राणवायू कित्येक पटींनी अधिक लागला, आणि वेग वाढवला तशी ही तफावतही वाढली. लांबणारा स्नायू थोडक्या खर्चात मोठे बल पेलतो. (डोंगर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, तो हिशेब निराळा.)

सपाट वाटेवरचे चालणे याहून विलक्षण आहे. प्रत्येक पावलात शरीराचा गुरुत्वमध्य काही सेंटिमीटर वर चढतो तेव्हा वेग मंदावतो, खाली येताना वेग वाढतो. म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जा उलट्या लंबकाप्रमाणे आपसांत देवघेव करतात आणि स्नायूंचे बरेच कार्य वाचते. धावताना ही देवघेव जवळजवळ थांबते. तेथे टाचेवरची कंडरा स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून परत देते. केनियातील लुओ आणि किकुयु स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके ओझे वाहून नेतात, तरी त्यांचा प्राणवायूचा खर्च वाढत नाही, असे १९८६ मध्ये दिसून आले. पुढे १९९५ मध्ये त्याचा उलगडा झाला : ओझ्याखाली त्यांच्या चालीतील लंबकाची देवघेव अधिक पूर्ण होते.