पी-बेस की जे-बेस? एकाच कंपनीच्या दोन बेस गिटारींचा आवाज इतका वेगळा का?

रील्स बघताना असा एक व्हिडिओ हमखास समोर येतो. वादक तोच, वाजवतोय ती ओळही तीच, फक्त आधी एका बेस गिटारवर आणि मग दुसऱ्या. खाली कॉमेंटमध्ये दोन पार्ट्या पडलेल्या असतात. एक म्हणते जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरी म्हणते काडीचाही फरक नाही. बहुतेक वेळा त्या दोन गिटारी म्हणजे फेंडर कंपनीचे प्रिसिजन बेस आणि जॅझ बेस, नाहीतर त्यांच्याच धर्तीवर बनवलेल्या दुसऱ्या कुणाच्या. वादकांच्या भाषेत पी-बेस आणि जे-बेस.

मोबाइलवर ऐकून हे भांडण मिटणं अवघड आहे. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर इतक्या खाली जातच नाही. कानावर पडतात ते त्या स्वराचे वरचे उपस्वर, आणि गायब असलेला खर्ज मेंदू त्यांच्यावरून स्वतःच भरून काढतो. त्यामुळे आधी बरे हेडफोन लावायचे आणि मगच मत द्यायचं.

फरक येतो कुठून? बघायला गेलं तर दोघांत सारखंच जास्त आहे. दोन्हींना चार तारा, दोन्हींच्या तारांची वाजणारी लांबी ३४ इंच, मान मेपलची आणि अंग बहुतेकदा आल्डर नावाच्या लाकडाचं. खरा फरक आहे पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवतीचं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वरची तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते आणि तीच पुढे अॅम्प्लिफायरला जाते.

पी-बेस आला १९५१ साली. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उंच, उभा धरून वाजवायचा, बिनपडद्याचा अवजड प्रकार. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या लिओ फेंडर यांनी तो गळ्यात अडकवता येईल असा केला आणि मानेवर पडदे बसवले. पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याचा पिकअप बदलला आणि आजचा पी-बेस तयार झाला. एकाच पिकअपचे दोन तुकडे, एक जाड दोन तारांखाली आणि दुसरा जरा सरकवून बारीक दोन तारांखाली. दोन्ही वेटोळी उलट्या दिशेने गुंडाळलेली असल्यामुळे आजूबाजूच्या विजेची घुंघुं एकमेकांत कटते.

जॅझ बेस १९६० चा. यात दोन सलग पिकअप आहेत, एक मानेच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. दोघांना वेगवेगळे व्हॉल्यूम.

घोडीजवळ आणि मानेजवळ यात काय फरक पडतो, हे सतार किंवा साधी गिटार हाताळणाऱ्यांना सांगावं लागत नाही. घोडीच्या टोकाशी तार जवळजवळ बांधलेलीच असते, त्यामुळे तिथे मूळ स्वराचं हेलकावणं अगदी थोडं असतं. उपस्वर त्या मानाने जास्त मिळतात. म्हणून घोडीजवळच्या पिकअपचा आवाज टोकदार आणि किंचित नाकातला येतो, तर मानेकडचा गोल आणि भरदार. पी-बेसचा पिकअप मधल्या पट्ट्यात आहे. त्याच्या आवाजात मधला भाग ठसठशीत असतो आणि ड्रम्स, गिटार, कीबोर्डच्या गर्दीतही तो दबत नाही.

जे-बेसची खरी मेख दोन्ही पिकअप एकदम चालू केल्यावर कळते. एकाच तारेचं कंपन दोन जागी टिपलं जातं. काही उपस्वर दोन्ही जागी एकाच दिशेला हलतात आणि वाढतात, काही विरुद्ध दिशेला हलतात आणि एकमेकांना मारतात. मार बसतो तो बराचसा मधल्या पट्ट्यावर. उरतो तो खालचा दम आणि वरची चकाकी. अंगठ्याने तार ठोकायच्या स्लॅप वादनाला हा आवाज फार शोभतो. मार्कस मिलर यांचा १९७७ चा जॅझ बेस त्यासाठीच ओळखला जातो. पण घरी एकट्याने वाजवताना झकास वाटणारा हाच आवाज बँडमध्ये कधीकधी हरवतो. उपाय फुकटातला आहे. एका पिकअपचा व्हॉल्यूम जरासा कमी केला की मधला भाग परत येतो. त्याची किंमतही आहे म्हणा. दोन्ही पिकअप सारखे उघडे असले तरच घुंघुं कटते. एक खाली आणला आणि शेजारी चोकवाली जुनी ट्यूबलाइट असली, की ती बेसमधून गायला लागते.

हाताला काय जाणवतं? जे-बेसची मान वरच्या टोकाला दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद असते. पी-बेसची सहसा ४१, जुन्या काहींची ४४. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पहिल्या दोन-तीन पडद्यांवर तळहाताला ते लगेच कळतं. लहान हातांना जे-बेस सोपा जातो. घोडीकडे मात्र तारांमधलं अंतर दोन्हींत जवळपास सारखंच, त्यामुळे खालच्या पडद्यांवर हा फरक विरतो.

व्हिडिओंमध्ये क्वचितच सांगितली जाणारी एक गोष्ट अंगठ्याची. बरेच वादक उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवतात. पी-बेसवर टेकायला एकच जागा. जे-बेसवर दोन, आणि मागच्यावर टेकवला तर बोटं आपोआप घोडीकडे जातात, तिथे तार कडक लागते आणि आवाजही बदलतो. याच मागच्या पिकअपवर जॅको पास्टोरियस यांनी आपली ओळख केली, तीही पडदे काढलेल्या १९६२ च्या जॅझ बेसवर.

गिटारइतकाच, कधी जास्तच, फरक तारांचा पडतो. मोटाउनचे जेम्स जेमर्सन यांच्याकडेही १९६२ चाच बेस होता, पण प्रिसिजन. त्यावर सपाट गुंडाळीच्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या तारा, घोडीच्या झाकणाखाली स्पंज आणि छेडायला एकटी तर्जनी. त्याच गिटारवर गोल गुंडाळीच्या कोऱ्या तारा चढवल्या असत्या तर तो मऊ, ठोक्यासारखा आवाज मिळाला नसता.

त्यामुळे दुकानात दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आधी तारा बघाव्यात. एकीवर नव्या आणि दुसरीवर गंजलेल्या असतील तर ती तुलना तारांची झाली. मग अॅम्प्लिफायरची बटणं न हलवता दोन्हींवर एकच ओळ वाजवावी. जे-बेसवर ती तीनदा, पुढचा पिकअप, मागचा आणि दोन्ही. आणि वाजवताना पट्टा लावून उभं राहावं, कारण स्टेजवर बसायला खुर्ची मिळत नाही. दोन्ही आवाज हवे असणाऱ्यांसाठी पीजे नावाचा तिसरा प्रकारही मिळतो, पी-बेसचा पिकअप आणि घोडीजवळ जे-बेसचा. फेंडरच्याच स्वस्तातल्या स्क्वायर ब्रँडमध्येही तो असतो.