श्वार्ट्सबर्ग, जोसेफ
श्वार्ट्सबर्ग, जोसेफ : (१९२८–२०१८). दक्षिण आशियाचा सांस्कृतिक भूगोल व मानचित्रणाचा इतिहास यांचे अमेरिकन अभ्यासक. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे. भारतातील व्यवसायरचना व आर्थिक विकास या विषयावरील प्रबंधाबद्दल विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच्.डी. (१९६०). पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशातील जातींच्या वितरणावरील त्यांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी संपादिलेला अ हिस्टॉरिकल ॲटलस ऑफ साउथ एशिया (१९७८, सुधारित आवृ. १९९२) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. राजसत्तांच्या विस्ताराबरोबरच धर्म, भाषा, लोकसंख्या व अर्थव्यवहार यांचे नकाशे आणि त्यांचे सविस्तर विवेचन त्यात आढळते.

अशा समन्वित मांडणीची आवश्यकता मराठवाड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. राष्ट्रकूटांच्या बिरुदातील ‘लत्तलूर’ म्हणजे लातूर, असे सामान्यतः मानले जाते. कंधार (जि. नांदेड) येथे राष्ट्रकूटकालीन शिलालेख मिळाला आहे. रित्ती व शेळके यांनी १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाल्याने ते शीखांचे तीर्थक्षेत्र बनले व दूरच्या पंजाबशी जोडले गेले. याउलट प्रशासकीय सीमा वारंवार बदलल्या. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे केवळ एका काळच्या सीमांचा नकाशा अशा प्रदेशाची ओळख पूर्णपणे दाखवू शकत नाही.

यूरोपीयांपूर्वी भारतात नकाशे जवळजवळ नव्हते, हा समज दूर करण्यास श्वार्ट्सबर्ग यांच्या लेखनाने मोठा हातभार लावला. हार्ली व वुडवर्ड यांनी संपादिलेल्या मानचित्रणाच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९९२) त्यांनी दक्षिण आशियाविषयीची प्रकरणे लिहिली. जैन विश्वरचनेची चित्रे, तीर्थक्षेत्रांचे पट, किल्ल्यांचे आराखडे व मोडीतील नावे असलेले मराठा नकाशे यांना त्यांनी मानचित्रणाच्या इतिहासात स्थान दिले. मोजणीची अचूकता हाच नकाशाचा एकमेव निकष मानल्यास, लोकांनी आपल्या भूमीविषयी जपलेले ज्ञान दृष्टिआड होते, हे त्यांच्या कार्यातून प्रत्ययास येते.