पहिल्याच दिवशी ओळखा : पिल्लू कोंबडा की कोंबडी?

आनुवंशिकतेचे नियम आपण या मालिकेत पाहत आलो आहोत. आज तेच नियम घेऊन आपण थेट खुराड्यात जाऊ. प्रश्न साधा आहे : आज अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पुढे कोंबडा होणार की कोंबडी?

एका दिवसाची पिल्लं बहुधा सगळी सारखीच दिसतात. तुरा, शेपटीची पिसं, आरवणं हे फरक कळायला काही आठवडे जातात. तोवर प्रत्येक पिल्लू खाद्य खातं, ऊब घेतं, जागा अडवतं. अंड्यांसाठी पन्नास पिल्लं आणली तर त्यातली साधारण निम्मी नर निघतात. म्हणजे ज्यांच्यापासून एकही अंडं मिळणार नाही, त्यांच्या पोटापाण्याचा खर्चही पाळणाऱ्याच्याच खिशातून जातो. ज्याच्याकडे थोड्याच कोंबड्या असतात त्याला हा खर्च जास्त बोचतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनपुढे हाच प्रश्न मोठ्या रूपात उभा होता. धान्याची टंचाई होती. तेव्हा केंब्रिजमधले आनुवंशिकीतज्ज्ञ रेजिनल्ड पनेट यांनी सुचवलं, की नर-मादी ओळखण्यासाठी पिल्लांच्या रंगाचा उपयोग करता येईल. होय, हे तेच पनेट. संकराचे निकाल मांडायला आपण जो चौकोन काढतो, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

आता यामागची युक्ती समजून घेऊ. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावरून ठरतं. पक्ष्यांमध्ये बरोबर उलटं असतं. कोंबड्याकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रं असतात, तर कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. नर पिल्लाला एक झेड वडिलांकडून आणि एक आईकडून मिळतं. मादी पिल्लाला आईकडून डब्ल्यू मिळतं, त्यामुळे तिचं एकुलतं एक झेड वडिलांचंच असतं. म्हणजे आईचं झेड फक्त मुलांकडे जातं, मुलींकडे कधीच नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे, तेव्हा ते पक्कं लक्षात ठेवा.

पिसांच्या रंगाची काही जनुकं याच झेडवर बसलेली असतात. त्यातली एक जोडी म्हणजे ‘सोनेरी’ आणि ‘चंदेरी’. चंदेरी प्रभावी आहे. ते एक जरी असलं तरी सोनेरी झाकलं जातं. आता र्‍होड आयलंड रेड जातीचा लालसर कोंबडा घ्या. त्याच्या दोन्ही झेडवर सोनेरी आहे. त्याच्यासोबत लाइट ससेक्स जातीची कोंबडी ठेवा. तिच्या एकमेव झेडवर चंदेरी आहे. यांच्या मुलांना आईकडून चंदेरी मिळतं, म्हणून ती फिकट पिवळसर लवेची जन्मतात. मुलींना आईचं झेड मिळतच नाही, फक्त वडिलांचं सोनेरी मिळतं, म्हणून त्या तांबूस लवेच्या. पेटी उघडली की दोन रंग वेगळे दिसतात. ब्रिटनमध्ये हा संकर बराच काळ लोकप्रिय होता.

दुसरी जोडी पट्टेरी पिसांची. इथेही कोंबडा र्‍होड आयलंड रेडच, पण कोंबडी पट्टेरी प्लायमाउथ रॉक. पट्ट्याचं जनुक प्रभावी आहे आणि आईचं ते जनुक फक्त मुलांना मिळतं. सगळी पिल्लं काळी जन्मतात, पण नरांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो. मादीच्या डोक्यावर तो नसतो. पुढे नर पट्टेरी होतात.

आता लोक कुठे फसतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे जोडीची दिशा. कोंबडा लाइट ससेक्स आणि कोंबडी र्‍होड आयलंड रेड, अशी जोडी उलटी लावली तर काय होईल? वडील प्रत्येक पिल्लाला चंदेरी देतात. मुलगे फिकट, मुलीही फिकट. जाती त्याच दोन, पण ओळख शून्य. नियम असा : प्रभावी गुण आईकडे हवा, अप्रभावी वडिलांकडे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढची पिढी. संकरातून आलेली ही पिल्लं मोठी झाली आणि त्यांचीच आपसात जोडी लावली, तर? त्या कोंबड्याच्या एका झेडवर चंदेरी आणि दुसऱ्यावर सोनेरी आहे. कोंबडीकडे फक्त सोनेरी. आता मुलगे निम्मे फिकट, निम्मे तांबूस, आणि मुलींचंही तसंच. रंग दोन दिसतील, पण त्यावरून नर-मादी काही कळणार नाही. म्हणून अशा पिल्लांची पिल्लं कुणी ‘रंगावरून ओळखता येतात’ म्हणून विकत असेल, तर आधी एकच प्रश्न विचारावा : आई-बाप कोणत्या जातीचे?

तिसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळ्याच प्रभावी जनुकामुळे येतो आणि तो खालचे रंग झाकून टाकतो. कोंबडी पांढरी दिसली म्हणून ती या कामाला चालेलच असं नाही.

मग दर वेळी दोन शुद्ध जाती सांभाळायच्या का? पनेट आणि मायकेल पीझ यांनी यावर वेगळा मार्ग काढला. पट्ट्याचं जनुक झेडवर असल्यामुळे शुद्ध पट्टेरी जातीत कोंबड्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, कोंबडीकडे एकच. दोन प्रतींचा परिणाम जास्त, म्हणून नराची लव अधिक फिकट. काळ्या लवेवर हा फरक नेमका दिसत नाही, पण तपकिरी, रेघारेघांच्या लवेवर स्पष्ट दिसतो. त्यांनी पट्टेरी प्लायमाउथ रॉक आणि सोनेरी कँपाइन यांच्या संकरातून १९२९ मध्ये केंब्रिजला ‘कँबार’ ही जात तयार केली. पुढे लेगहॉर्नपासून ‘लेगबार’ आली. या जातींत पिढ्यान्‌पिढ्या, जातीतल्या जातीत, पिल्लं ओळखता येतात.

रंगाशिवायही वाटा आहेत. पिसं हळू वाढवणारं एक प्रभावी जनुक झेडवरच आहे. ते आईकडे असेल तर मुलींच्या पंखांची मुख्य पिसं पहिल्याच दिवशी लांब दिसतात आणि मुलांची आखूड. पांढऱ्या जातींना ही रीत उपयोगी पडते. जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात पिल्लाच्या गुदद्वाराची तपासणी करून ओळखण्याची पद्धत विकसित केली. ती कोणत्याही जातीला चालते, पण हात मुरलेला लागतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांना कडकनाथ आठवला असेल. झाबुआच्या या कोंबडीचा आणि सिल्की जातीचा काळेपणा एकाच प्रकारच्या जनुकीय बदलातून येतो. सिल्कीवर बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्येच लिहिलं होतं. हा काळेपणा दाबणारं एक जनुकही झेडवरच आहे. म्हणून सिल्की कोंबडा आणि ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांच्या मुली गडद कातडीच्या होतात आणि मुलगे फिकट. गणित तेच, फक्त गुण वेगळा.

शेवटी ज्या प्रश्नाला टाळता येत नाही, त्याकडे येऊ. ओळखलं, पण ओळखल्यावर नराचं काय? अंड्यांसाठी घडवलेल्या जातींचे नर मांसासाठी फायद्याचे नसतात, कारण ते सावकाश वाढतात. म्हणून जगभर दरवर्षी अब्जावधी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. खाद्य वाचवण्यासाठी काढलेल्या युक्तीने ही निवड सोपी आणि स्वस्त केली, हे आपण मान्य केलं पाहिजे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग तपासण्याच्या पद्धती वापरल्या जातात. त्यातल्या एकीत उबवणीच्या साधारण तेराव्या दिवशी कवचातून प्रकाश टाकून आतल्या गर्भाच्या पिसांचा रंग पाहतात. ही पद्धत तपकिरी अंडी देणाऱ्या संकरांनाच चालते, कारण सोनेरी आणि चंदेरीचा जुना हिशेब त्यांच्यातच असतो.

लहान पाळणाऱ्याकडे आणखी एक वाट आहे : अंडी आणि मांस दोन्हींसाठी चालणारी जात निवडायची आणि नर वेगळे वाढवून विकायचे. तिथे पहिल्या दिवशीची ओळख नराला टाकून द्यायला नव्हे, तर त्याचं खाद्य, जागा आणि विक्री वेळेवर ठरवायला उपयोगी पडते. पिल्लू कोण आहे हे जनुकशास्त्र सांगतं. त्याचं काय करायचं, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.