माशाच्या अंगावर उवा दिसल्या? भाताची फवारणी तळ्यात ओतू नका



तळ्यातला रोहू बांधाला अंग घासतोय, मध्येच उड्या मारतोय, खाद्य टाकलं तरी वर येत नाही, असं दिसलं तर पाग टाकून पाच-दहा मासे काढा. पराच्या मुळाशी, पोटाखाली, गालाजवळ नीट बघा. मसुराच्या डाळीएवढा चपटा, जवळजवळ पारदर्शक किडा सरकताना दिसला तर ती माशाची ऊ, म्हणजे अर्गुलस. खवल्यातून दोऱ्यासारखं काही लोंबतंय आणि मुळाशी लाल झालंय, तर तो लर्निया. तो ओढू नका. तुटतो आणि डोकं मांसातच राहतं.

आता महत्त्वाचं. पुष्कळांच्या घरात सायपरमेथ्रिनची बाटली पडलेली असते आणि "ऊच ना, टाका दोन झाकणं" असं सांगणाराही कुणी भेटतोच. ऐकू नका. ही ऊ कोळंबी-चिंबोरीच्याच जातकुळीतली आहे. जे औषध तिला मारतं ते कोळंबी-चिंबोरीलाही मारतं, आणि मात्रा चुकली की मासाही जातो. शिवाय आपली खारातली तळी म्हणजे बंद हौद नव्हेत. उघाडी उघडली की तेच पाणी खाडीत जातं, जिथे दुसऱ्याची जाळी लागलेली असतात.

मग करायचं काय? उवेची मादी माशावर अंडी घालत नाही. ती माशाला सोडून दगड, बांबू, लाकूड अशा टणक वस्तूवर ओळीने अंडी चिकटवते. तिथेच तिला गाठायचं. तळ्यात पाच-सहा ठिकाणी बांबूचे तुकडे किंवा जुन्या फळ्या सोडा. दर आठवड्याला बाहेर काढून उन्हात खडखडीत वाळवा, परत सोडा. काम कंटाळवाणं आहे, पण पैसा लागत नाही. एकदा करून भागत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

काढलेल्या माशांना मिठाचं पाणी द्या: 10 लिटरला 300 ग्रॅम जाडं मीठ, दोन-तीन मिनिटं. मासा आडवा व्हायला लागला की लगेच बाहेर. ते पाणी तळ्यात नाही, लांब कोरड्या जमिनीवर ओता, नाहीतर गळून पडलेल्या उवा परत घरी!

जिताडावाल्यांसाठी उलटा हिशोब. खाऱ्या पाण्यात जिताड्याला लागणारी ऊ वेगळी, कॅलिगस. तिला मिठाचं काय कौतुक? तिला गोडं पाणी सोसत नाही, जिताड्याला सोसतं. विहिरीच्या पाण्यात हवेचा पंप लावून दहा मिनिटं ठेवा, लक्ष ठेवून.

नवीन बीज आणलं की आधी वेगळ्या हाप्यात ठेवून तपासा. दुसऱ्याच्या तळ्यात फिरलेलं जाळं वाळवल्याशिवाय आपल्या तळ्यात नको.

अंगावर ऊ असलेला मासा साफ करून, शिजवून खायला हरकत नाही. फवारणीचं औषध पडलेल्या तळ्यातला नको.

मासे मरायला लागले असतील तर थांबू नका, अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. ग्रुपवर माशाचा जवळून फोटो टाका. सोबत गाव, माशाची जात आणि पाणी गोडं की खारं ते लिहा.