टाचेमागची शीर

पहाटे बिलोलीच्या रस्त्यावर उभे राहावे, तो अंधारातून पावलांचे आवाज येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुले. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावयाचे. आणि त्या काही मिनिटांवर साऱ्या घराची आशा. यांतलाच एखादा अंथरुणातून उठला की पहिली चार पावले लंगडतो. थोडे चालल्यावर दुखणे विरते, दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर! दुखते ती टाचेमागची जाड शीर.

तिला आपण शीर म्हणतो खरे. पण ती काही रक्तवाहिनी नव्हे. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारी ती दोरी आहे. शास्त्रात तिला कंडरा म्हणतात. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी, तशी ग्रीक पुराणात अकिलीसची टाच. म्हणून ही ‘अकिलीसची कंडरा’. शरीरातील सर्वांत बळकट कंडरा हीच. मग ती दुखावते का? स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. आणि भरतीची जाहिरात निघताच आपण धाव एकदम दुप्पट करतो.

यावर कोणी शीर ओढून घेतो, कोणी महिनाभर खाटेवर पडतो. ओढण्याने इजा वाढते, नुसत्या पडण्याने कंडरा दुबळी होते. तिला हवा असतो बेताबेताने वाढणारा भार. १९९८ साली स्वीडनमधील डॉ. अल्फ्रेडसन यांनी इतर उपायांनी गुण न आलेल्या १५ धावपटूंना असाच व्यायाम दिला, आणि १२ आठवड्यांनी ते पुन्हा धावू लागले.

पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे. दोन्ही टाचा उचलाव्यात, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन ती टाच सावकाश पायरीखाली न्यावी. असे १५ वेळा, तीन खेपा, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दुखणे टाचेच्या हाडालाच लागून असेल, तर हे सपाट जमिनीवर करावे. व्यायामात थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढले, तर भार कमी करावा.

मात्र धावताना मागून काठी बसल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर शीर तुटली असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हुकलेली भरती पुन्हा केव्हा निघेल सांगता येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच म्हणतो, धावण्याचा आरंभ जाहिरातीच्या कितीतरी आधी करावा.